बोलणी आणि छळ

बोलणी आणि छळ : वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला त्याच्या कामातली चूक दाखवणे आणि चुकीचे निमित्त करून त्याला खच्ची करणे, यांतला फरक. ही नोंद ग्रामीण विदर्भापुरती आहे. नागपूर आणि अमरावती विभागांच्या ११ जिल्ह्यांत कामाचे ठिकाण म्हणजे कापसाचे जिनिंग (सरकी वेगळी काढण्याचा कारखाना), गोंदिया-भंडाऱ्याकडची राइस मिल, पतसंस्था, पंचायत समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, जंगलातला वननाका, नाहीतर तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे तोडलेली पाने मोजून घेण्याची जागा. इथे साहेब आणि कर्मचारी एकाच आठवडी बाजारात भाजी घेतात. सकाळी दहाला खाल्लेली बोलणी दिवे लागायच्या आत घरी पोचलेली असतात.

शब्द : झापणे, हजेरी घेणे, खरडपट्टी काढणे, पाणउतारा करणे, डूख धरणे हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिल्या तिन्हींत राग आहे, पण तो त्या चुकीपुरता असतो. राग ओसरला की चहा होतो. पाणउताऱ्याला मात्र बघणारे लागतात. डूख मुळात सापाचा. ‘सायबानं माह्यावर डूख धरला’ असे एखादा कर्मचारी म्हणतो तेव्हा एखाद्या दिवसाच्या बोलण्याविषयी त्याची तक्रार नसते. साहेब वाट बघतो आहे, असे त्याला सांगायचे असते. ‘छळ’ हा शब्द गावात बहुधा सासुरवासासाठी राखलेला आहे. नोकरीतल्या जाचाला लोक ‘तरास देते’ एवढेच म्हणतात, आणि अर्जावर ‘छळ’ लिहायची वेळ आली की हात अडखळतो.

आवाज आणि बोली : बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याचा पहिला गोंधळ इथे होतो. ‘काऊन बे (का रे), काल कुठं होता?’ या वऱ्हाडी प्रश्नात अपमान असेलच असे नाही. बरोबरीचे मित्र एकमेकांना दिवसातून दहादा ‘बे’ म्हणतात. जिनिंगमध्ये तर यंत्रांच्या घरघरीत हळू बोलून भागतच नाही. रुईत प्लॅस्टिकची सुतळी गेली तर गाठीची प्रत पडते, आणि एक ठिणगी पडली तर कापसाची गंजी पेटते. फोरमन अशा वेळी ओरडतो, आणि त्याने ओरडलेच पाहिजे. उलट एखाद्या पतसंस्थेचा अध्यक्ष कधीही आवाज न चढवता, ‘आपण’ ‘आपण’ म्हणत, एका कारकुनाला महिनोन्महिने बसायला टेबल देत नाही. शब्द कडक की मऊ या मापाने इथे फारसे काही कळत नाही.

त्यापेक्षा सर्वनामाकडे कान द्यावा. सगळ्यांनाच ‘तू’ म्हणणारा साहेब तोंडाळ असतो. बाकी सगळ्यांना ‘तुम्ही’ आणि एकालाच ‘तू’ म्हणणाऱ्याचे प्रकरण निराळे. तो एकटा कोण, कोणत्या मोहल्ल्यातला, कोणत्या जातीचा, हे मग बघावे लागते. ‘कोट्यातून आलेले’, ‘तुमच्या लोकांचं असंच’ ही वाक्ये टीकेत मोडतच नाहीत, कारण ऐकणाऱ्याला त्यात सुधारण्याजोगे काही दिलेले नसते.

टीकेची ओळख : बोलणी खाऊन बाहेर पडल्यावर ‘उद्या काय वेगळे करायचे?’ या प्रश्नाला उत्तर मिळत असेल तर ती टीका होती, मग ती कितीही तिखट असो. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेने ‘ताई, या महिन्यात तीन लेकरायचं वजन भरलं नाही. काऊन? काटा बंद आहे का?’ असे विचारले, तर त्यात चूक आहे, आकडा आहे, आणि कारण ऐकून घ्यायची तयारीही आहे. ‘तुमच्यानं काहीच होत नाही, घरी भाकरी थापा’ यात यातले काहीच नाही. सेविकेने दुसऱ्या दिवशी तिन्ही वजने भरली तरी दुसरे वाक्य जसेच्या तसे उभे राहते.

कारण विचारणे याला या भागात विशेष अर्थ आहे. २०२१ पासून अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवर करावी लागते. धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत रेंज टेकडीवर चढल्यावर येते. तिथली नोंद मागे पडली की यादीत नाव लाल होते. ज्या वरिष्ठाला ती टेकडी माहीत आहे आणि तरीही जो फक्त लाल रंग वाचून दाखवतो, त्याचे बोलणे टीकेच्या हद्दीबाहेर जाऊ लागलेले असते. हद्द ओलांडली की नाही हे पुढच्या महिन्यात कळते: काम झाल्यावर विषय मिटला, की नवा काढला गेला?

नियम सर्वांना, मेमो एकाला : ग्रामीण भागातला सर्वांत अवघड प्रकार मुख्यालयाचा आहे. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, आरोग्यसेवक यांनी नेमणुकीच्या ठिकाणी राहावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बरेच जण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून ‘अप-डाऊन’ करतात, आणि हे गटविकास अधिकाऱ्यापासून गावच्या पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. अशा वेळी एखाद्याला ‘मुख्यालयी का राहत नाही’ म्हणून मेमो आला तर त्याला छळ म्हणायचे का? मागणी नियमाची आहे, चूक खरी आहे आणि गावकऱ्यांची गैरसोयही खरी आहे. रात्री साप चावलेल्या माणसाला उपकेंद्राला कुलूप दिसले, तर तो मेमो उशिराच आला म्हणावे लागेल.

पण त्याच तालुक्यात वीसजण अप-डाऊन करत असताना, मासिक सभेत उलट प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, फक्त त्या एकालाच मेमो येतो तेव्हा नियम खरा असूनही हत्यार होतो. कर्मचारी संघटनांची माणसे अशा वेळी दोनच गोष्टी विचारतात: बाकीच्यांना काय दिले, आणि मेमोच्या आधी काय घडले? प्रस्तुत लेखकाला ही तपासणी कुठल्याही व्याख्येपेक्षा भरवशाची वाटते. तिची दुसरी बाजू सांगणेही भाग आहे. वीसपैकी वीसजणांना मेमो आले तर त्यांतला एकही छळ नव्हे, आणि ‘साहेब त्रास देतात’ अशा सामूहिक निवेदनांपैकी काहींचे मूळ एवढेच असते की नवा साहेब हजेरीपट वेळेवर उघडतो.

सही, मोजमाप आणि हंगाम : बोलून केलेला जाच दिसतो, अडवून केलेला दिसत नाही. आशा स्वयंसेविकेला पगार नसतो, ठरावीक मानधनाखेरीजचा मोबदला कामागणिक मिळतो, आणि त्या कागदावर वरच्या सह्या लागतात. ‘उद्या या’ एवढे दोन शब्द पुरतात. तेंदूपत्त्याच्या फळीवर ७० पानांचा पुडा मोजून घेणारा मुन्शी पाने डागी आहेत, बारीक आहेत म्हणून पुडा बाजूला काढू शकतो, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. पण एकाच बाईचे पुडे रोज नापास होत असतील आणि शेजारणीचे तशाच पानांचे पास होत असतील, तर प्रश्न पानांचा राहत नाही.

या विषयाच्या शास्त्रीय व्याख्या इथे तोकड्या पडतात त्या हंगामामुळे. स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी १९८० च्या दशकात कामाच्या ठिकाणच्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने, अशी त्यांची मोजपट्टी. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचा. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळा लागता लागता थंडावते. सहा महिन्यांची वाट पाहायची तर जिनिंगमधल्या रेजाला (मजूर बाईला) छळ कधीच झाला नाही असे म्हणावे लागेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २१ जून २०१९ रोजी स्वीकारलेला १९० वा करार याबाबतीत जवळचा वाटतो: एकदाच घडलेले वर्तनही त्यात हिंसा व छळ या व्याख्येत येऊ शकते.

चारचौघांत : आढावा बैठक ही पंचायत समितीच्या सभागृहातली जुनी संस्था आहे. मागे पडलेल्याला उभे करून विचारणे हा तिचा रिवाज, आणि तो सगळ्यांना समान लागू असेल तोवर लोक तो हसून सोसतात. व्हॉट्सअॅप गटाने त्यात भर घातली. रात्री साडेनऊला पडलेली ‘शून्य काम’ यादी सरपंचही वाचतो, कारण तोही गटात असतो. उद्या त्याच सरपंचाकडून वसुलीचे काम करून घ्यायचे आहे, ते आता ग्रामसेवकाने कोणत्या तोंडाने करून घ्यावे? गावात पत आणि काम एकाच धाग्याने बांधलेले असतात. चारचौघांतली टीका म्हणूनच इथे शहरापेक्षा महाग पडते, आणि जाणता अधिकारी आकडे गटात टाकतो पण नाव घेऊन बोलायचे ते केबिनमध्ये बोलतो. असे अधिकारी आहेत, आणि त्यांची बदली झाली की निरोपाला खरोखर गर्दी होते.

वरून येणारा दाब हे या सगळ्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. मुंबईहून विभागाला, विभागातून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला असा तो उतरतो आणि शेवटी जिच्या हाताखाली कोणी नाही अशा मदतनिसीवर येऊन थांबतो. स्पष्टीकरण खरे आहे, पण त्याने साहेब सुटत नाही. दाब सर्वांवर असतो, डूख निवडून धरला जातो.

बदलीची धमकी : ‘गडचिरोलीला पाठवीन’ हे उर्वरित महाराष्ट्रात शिक्षेचे वाक्य आहे, खुद्द विदर्भातही ते ऐकू येते, फक्त तालुके बदलतात (भामरागड, जिवती, धारणी). ज्यांचे घरच तिथे आहे त्यांना हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार धमकी देणारा करत नाही. काम नीट न करणाऱ्याला शिक्षा म्हणून तिथे पाठवायचे तर तिथल्या आजाऱ्याने आणि विद्यार्थ्याने काय गुन्हा केला, हा गडचिरोलीकरांचा सवाल जुनाच आहे.

मेळघाट, २०२१ : २५ मार्च २०२१ रोजी मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या हरिसाल येथील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्याने केलेल्या छळाचे आणि इतरांसमोर केलेल्या अपमानाचे आरोप केले होते. त्या अधिकाऱ्याला अटक झाली. त्यानंतर विदर्भातल्या कार्यालयांत ‘साहेब जरा कडक आहेत’ हे वाक्य काही काळ तरी कोणी सहज उच्चारत नव्हते.

कायदा : वरिष्ठाकडून होणाऱ्या सर्वसाधारण छळाविरुद्ध भारतात स्वतंत्र कायदा नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी. कामाबद्दल खडसावणे हा गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सांगितले: कामातल्या उणिवांबद्दल वरिष्ठाने केलेली कानउघाडणी हा जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०४ मधला ‘उद्देशपूर्वक अपमान’ ठरत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम लागतो. मात्र अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो; चार भिंतींच्या आत, कोणी नसताना झालेले बोलणे त्यात बसत नाही, असे २०२० च्या एका निकालात म्हटले आहे. म्हणजे केबिनमध्ये बोलावून घेण्याचा जो सभ्यपणा वर सांगितला, त्याच्या आड जातिवाचक बोलणारा माणूसही लपू शकतो.

लैंगिक छळासाठी २०१३ चा अधिनियम आहे. १० पेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. जिनिंगमधल्या किती रेजांना ही समिती ठाऊक आहे, हे एखाद्या जिनिंगच्या फाटकाशी उभे राहून कोणीही विचारून पाहावे.

सरकारी नोकराचे हत्यार म्हणजे कागद. शिस्त व अपील नियम, १९७९ नुसार शिक्षेआधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे, १९६४ चे. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमात राज्य शासकीय कर्मचाऱ्याचा पदावधी साधारण तीन वर्षांचा धरला आहे, आणि मुदतीआधी हलवायचे तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. तोंडी आदेशाला मात्र यांतले काहीच लागू होत नाही. म्हणून मुरलेले कारकून नव्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात: साहेबांनी तोंडी सांगितले की ‘आपल्या आजच्या तोंडी सूचनेनुसार’ अशी टिपणी लिहून फाइलवर ठेवायची, तारीख घालायची, आणि अर्ज दिला की आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही.

खासगी जिनिंगमध्ये टिपणीही नसते आणि आवक क्रमांकही नसतो. तिथला दिवाणजी मापात राहून बोलतो की माणूस बघून बोलतो, याची खबर चहाच्या टपरीवर आणि एकाच ऑटोने कामावर जाणाऱ्या बायांत फिरते. ज्या फाटकाचे नाव खराब झाले तिथे पुढच्या दिवाळीला रेजा मिळत नाहीत, मग मालक दुसऱ्या तालुक्यातून गाडी भरून माणसे आणतो.