पार्श्वभूमी : प्रवेशाच्या मुलाखतीला १५ टक्क्यांचा लगाम

महाविद्यालयीन प्रवेशातल्या मुलाखतीचा वाद न्यायालयात गाजला तो अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या जागांवरून. १९६४ मध्ये म्हैसूर राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीची पद्धत उचलून धरली. १९७० मध्ये तमिळनाडूतल्या वैद्यकीय प्रवेशात २७५ पैकी ७५ गुण मुलाखतीला ठेवले होते. ते मात्र न्यायालयाला जास्त वाटले.

कलाटणी मिळाली ती श्रीनगरमध्ये. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९७९च्या प्रवेशासाठी लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण ठेवले. म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा मुलाखत घेणाऱ्यांच्या हाती. लेखीत पुढे असलेली मुले तोंडीत घसरली, मागची वर आली. मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटांची. वडील कोण, राहता कुठे, असल्या प्रश्नांत ती संपली, ही विद्यार्थ्यांची तक्रार होती. मुलाखती खरोखर एवढ्याच वेळात उरकल्या हे धरूनच सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८०चा निकाल दिला. मुलाखत मुळातच अवैध नाही, पण तिला १५ टक्क्यांहून जास्त गुण देणे मनमानी ठरेल. मुलाखती टेप कराव्यात, असेही सुचवले. झालेले प्रवेश मात्र रद्द झाले नाहीत. तोवर दीड वर्ष उलटले होते.

हे १५ टक्केच का, १० किंवा २० का नाहीत, याचे गणित निकालात सापडत नाही. त्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी न्यायालयाने नोकरभरतीसाठी वेगळा विचार केला : प्रौढ उमेदवाराचे व्यक्तिमत्त्व घडलेले असते, तिथे मुलाखतीला जास्त वजन चालेल. हा फरक मला पटतो. बारावी झालेल्या, इंग्रजी कधी न बोललेल्या मुलीचे भवितव्य तीन मिनिटांत ठरवणे अन्यायच आहे, आणि आकडा कसाही आला असला तरी त्याने अशा मुलींचे रक्षण केले.

पुढे पदवीच्या बहुतेक प्रवेशांतून मुलाखत मागे पडली. दिल्लीतल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाने ती जपली, पण २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्यांचे प्रवेश फक्त सामाईक परीक्षेच्या गुणांवर करायला सांगितले. पीएचडीत मात्र उलटे घडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनी लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली. विद्यार्थ्यांनी आंदोलने केली, तेव्हा लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के हे प्रमाण आले. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश मिळतो, त्यातही संशोधनवृत्ती (जेआरएफ) न मिळालेल्यांसाठी मुलाखतीला ३० टक्के गुण आहेत : श्रीनगरच्या निकालातल्या मर्यादेच्या दुप्पट.