अर्लीची वॉशिंग्टनवरील चढाई

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या सैन्याने जुलै १८६४ मध्ये राजधानी वॉशिंग्टनवर घातलेली धाड. सेनानी लेफ्टनंट जनरल जूबल अर्ली (१८१६–९४). पोटोमॅक नदी ओलांडल्यापासून परत फिरेपर्यंत ती जेमतेम नऊ दिवस चालली (५–६ ते १४ जुलै). काही लेखक जूनमधील लिंचबर्गची लढाईही हिच्यातच धरतात.

दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने जूनच्या मध्यास रिचमंड या दक्षिणेच्या राजधानीजवळून अर्लीला पाठविले ते लिंचबर्ग हे रेल्वेचे नाके वाचविण्यासाठी. उत्तरेचा सेनापती हंटर तेथून पश्चिमेला डोंगरांत हटला आणि उत्तरेकडे पोटोमॅकवर जाणारी शेनँडोआ खोऱ्याची वाट मोकळी झाली. उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने वॉशिंग्टनच्या किल्ल्यांवरील अवजड तोफखान्याचे कसलेले लोक आधीच रणांगणावर नेले होते. उरलेल्या शिबंदीत आजारातून उठलेले सैनिक होते, अडचणीच्या वेळी कारकुनांच्या हातीही बंदुका द्याव्या लागल्या.

अर्लीच्या सैन्यबळाविषयी एकवाक्यता नाही. राजधानीसमोर आपल्याकडे सुमारे ८,००० पायदळ होते, असे तो नंतर लिहितो. समकालीन अफवांनी हा आकडा २०,००० च्या पुढे नेला. पराभवाचे समर्थन करणाऱ्याचा आकडा सावधपणेच घ्यावा लागतो. मोहिमेच्या आरंभी एकूण १०,००० ते १४,००० सैन्य असावे, हा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो.

वाटेत मेरिलंडमधील हेगर्सटाउनकडून २०,००० आणि फ्रेडरिककडून २,००,००० डॉलर खंडणी घेण्यात आली. ९ जुलैला फ्रेडरिकजवळ मोनॉकसी नदीवर उत्तरेचा सेनानी ल्यू वॉलेस याने सुमारे ५,८०० सैनिकांनिशी अर्लीला अडविले. वॉलेस हरला, पण अर्लीचा एक दिवस गेला. ११ जुलैच्या दुपारी दक्षिणी तुकड्या वॉशिंग्टनच्या उत्तर बाजूच्या स्टीव्हन्स किल्ल्यासमोर आल्या, तेव्हा उकाड्याने आणि धुळीने माणसे वाटेतच बसत होती. त्याच सुमारास पोटोमॅकच्या धक्क्यावर आगबोटींतून उत्तरेच्या सहाव्या कोरची (सैन्यविभागाची) कुमक उतरत होती. राजधानी वाचल्याचे श्रेय बहुतेक अभ्यासक मोनॉकसीला देतात. मात्र थकलेल्या सैन्याची दशा पाहता, अर्ली एक दिवस आधी पोहोचला असता तरी त्याला शहर ताब्यात ठेवता आले असते असे वाटत नाही.

राष्ट्राध्यक्ष लिंकन ११ आणि १२ जुलै असे दोन्ही दिवस किल्ल्यावर गेला. सहा फूट चार इंच उंचीचा हा माणूस कठड्यावर उभा असताना जवळच एका लष्करी शल्यवैद्याला गोळी लागली. लिंकनला ‘खाली उतरा’ असे कोणी दरडावले, यावर बरेच लिहिले गेले आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झालेल्या ऑलिव्हर वेंडेल होम्सचे नाव लोकप्रिय असले, तरी ती कथा छापील स्वरूपात होम्सच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये पुढे आली. किल्ल्यासाठी जिचे घर पाडले गेले, त्या एलिझाबेथ थॉमस या कृष्णवर्णीय स्त्रीचेही नाव स्थानिक परंपरा घेते. लिंकनचा सचिव जॉन हे याची दैनंदिनी त्याच दिवसांतील आहे आणि तीत केवळ ‘एक सैनिक’ आहे. सहाव्या कोरचा सेनानी जनरल राइट याने आपणच राष्ट्राध्यक्षाला वर बोलावल्याचे व मग उतरण्याची विनंती केल्याचे पुढे सांगितले. या दोन साक्षींत विरोध असेलच असे नाही. प्रसंग दोन निरनिराळ्या दिवसांचे असू शकतात.

१२ जुलैच्या संध्याकाळी उत्तरेच्या एका ब्रिगेडने समोरची घरे व टेकाड काबीज केले आणि रात्री अर्ली मागे फिरला. त्याच्या घोडदळाने ३० जुलैला खंडणी न मिळाल्याने पेनसिल्व्हेनियातील चेंबर्सबर्ग हे गाव जाळले. ऑगस्टमध्ये उत्तरेचा सेनानी शेरिडन याची शेनँडोआ खोऱ्यावर नेमणूक झाली आणि १९ ऑक्टोबरला सीडर क्रीक येथे अर्लीचे सैन्य मोडले.

स्टीव्हन्स किल्ल्याजवळच्या छोट्या राष्ट्रीय दफनभूमीत या लढाईतील ४० सैनिक पुरलेले आहेत. तेथे लढलेल्या आणखी एका वृद्ध सैनिकाला १९३६ मध्ये त्यांच्याशेजारी जागा मिळाली. फ्रेडरिकने खंडणीसाठी बँकांकडून काढलेले कर्ज १९५१ मध्ये फिटले.