मॅकवरील लेयर आणि ड्रॉरेक्ट : पार्श्वभूमी

मॅकच्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा व्ह्यू (विंडोतला बटणासारखा एखादा दिसणारा भाग) काढायचा तर ड्रॉरेक्ट हे रंगवण्याचे फंक्शन लिहायचे, हा शिरस्ता मॅकच्या आजच्या प्रणालीची पूर्वज असलेल्या ओपनस्टेपपासून चालत आला आहे. त्या व्यवस्थेत विंडोतील सगळे व्ह्यू एकाच सामाईक बफरवर (चित्र साठवणाऱ्या मेमरीवर), मागचा आधी आणि पुढचा नंतर, असे रंगत. 2007 मध्ये मॅकच्या लेपर्ड या आवृत्तीबरोबर कोअर अ‍ॅनिमेशन ही चित्रांचे थर हाताळणारी यंत्रणा आली आणि वॉन्ट्सलेयर ही खूण चालू केली की व्ह्यूला स्वतःचा लेयर, म्हणजे वेगळा ठेवलेला चित्राचा थर, मिळू लागला. त्याच वर्षी आलेल्या आयफोनवर लेयर पहिल्यापासून सक्तीचा होता; मॅकवर जुन्या अ‍ॅपचा पसारा मोठा असल्याने तो ऐच्छिक राहिला. 2012 मध्ये माउंटन लायन या आवृत्तीने अपडेटलेयर दिले; त्यात व्ह्यू चित्र न रंगवता थेट लेयरचे गुणधर्म बदलतो. त्यामुळे नुसता रंग किंवा ताणता येणारी प्रतिमा दाखवणाऱ्या व्ह्यूला बिटमॅप (पिक्सेल-पिक्सेलने साठवलेले चित्र) रंगवण्याची गरजच उरली नाही. ही सोय खरे तर पाच वर्षे आधी यायला हवी होती; दाट पिक्सेलच्या रेटिना पडद्यावर तर 1000 बाय 1000 पॉइंटच्या व्ह्यूचा बिटमॅप साधारण 1 कोटी 60 लाख बाइट अडवतो.

वाद पेटला तो 2018 च्या मोहावे या आवृत्तीवरून. नव्या एसडीकेने (अ‍ॅप बांधण्याच्या साधनसंचाने) बांधलेल्या अ‍ॅपमध्ये, मागितले असो वा नसो, सगळे व्ह्यू लेयरवर गेले आणि अक्षरांचे सबपिक्सेल स्मूदिंगही (पिक्सेलमधले लाल, हिरवे, निळे भाग वेगवेगळे वापरून कडा गुळगुळीत करणे) काढून टाकले गेले. या दोन गोष्टींचा संबंध तांत्रिक आहे. सबपिक्सेल पद्धतीत अक्षर उमटवतानाच त्याच्या मागचा रंग ठाऊक असावा लागतो. पारदर्शक लेयरमध्ये तो रंग नंतर, ग्राफिक्स चिपवर थर एकत्र करताना मिसळतो. रेटिना पडद्यावर फरक फारसा जाणवला नाही, पण साध्या बाहेरच्या मॉनिटरवर दिवसभर मजकूर वाचणाऱ्यांना अक्षरे बारीक आणि फिकी दिसू लागली. दोन रेंडरिंग पद्धती कायम सांभाळणे कोणालाच परवडणारे नव्हते, त्यामुळे दिशा योग्यच होती. तरीही तिची किंमत जुन्या मॉनिटरवाल्यांनी मोजली, आणि त्यांच्या तक्रारीला मिळायला हवे होते तितके वजन मिळाले नाही.

पुढचा धक्का 2023 च्या सोनोमा या आवृत्तीचा. त्याच्या एसडीकेने बांधलेल्या अ‍ॅपमध्ये क्लिप्सटूबाउंड्स (व्ह्यूच्या सीमेबाहेरचे चित्र कापून टाकण्याची सोय) मुळात बंद असते, आणि ड्रॉरेक्टला मिळणारा डर्टीरेक्ट (पुन्हा रंगवायचा चौकोन) व्ह्यूच्या बाउंड्सपेक्षा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या चौकोनापेक्षा, मोठा असू शकतो. वर्षानुवर्षे डर्टीरेक्ट सरसकट रंगाने भरणाऱ्या व्ह्यूंचा रंग त्यामुळे शेजारच्या व्ह्यूंवर सांडू लागला. अशा ठिकाणी पार्श्वभूमीसाठी बाउंड्स भरावे लागतात, नाहीतर क्लिप्सटूबाउंड्स स्वतः चालू करावे लागते.