पार्श्वभूमी : खुफूच्या वडिलांचे तीन पिरॅमिड

गिझाचा महापिरॅमिड खुफूचा, हे शाळेतच कळते. तो उभारण्याची अक्कल मात्र इजिप्तच्या पाथरवटांना आली ती त्याच्या वडिलांच्या, स्नेफेरूच्या काळात, आणि तीही ठेचा खाऊन.

स्नेफेरू हा चौथ्या राजवंशाचा पहिला राजा, काळ इ.स.पू. 2600 च्या आसपास. तुरिनचा पॅपिरस, म्हणजे राजांची एक प्राचीन यादी, त्याला 24 वर्षे देतो. पण तेव्हा वर्षे मोजत ती गुरांच्या शिरगणतीवरून. गणती बहुधा वर्षाआड, कधी लागोपाठही होई. स्नेफेरूच्या काळातल्या 24 व्या गणतीची नोंद सापडली, त्यामुळे कारकीर्द 24 वर्षांहून बरीच लांबते.

पहिला पिरॅमिड मैदूमचा. तो आधी पायऱ्यांचा होता. पुढे पायऱ्या भरून बाजू सपाट केल्या. जुने दर्शनी चिरे घासून गुळगुळीत केलेले, त्यामुळे नव्या बांधकामाला पकड मिळाली नाही. शिवाय बाहेरच्या आवरणाचा पाया वाळूवर. ते आवरण ढासळले. आज ढिगाऱ्यातून वर आलेला मनोराच दिसतो.

खरी फजिती दुसऱ्या, दहशूरच्या पिरॅमिडची झाली. सुरुवातीचा उतार सुमारे 60 अंशांचा, आणि खाली कातळ नाही, तर खडी आणि चिकणमाती. वजन वाढले तशी जमीन दबली, आतल्या दालनांना तडे गेले. तडे गिलाव्याने बुजवले, भोवती दगडांचा पट्टा चढवून उतार 54 अंशांवर आणला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा सुमारे 47 मीटर उंचीवर कोन एकदम 43 अंशांवर घेतला. म्हणून हा पिरॅमिड वाकडा. खालच्या भागात चिरे आतल्या बाजूला कलते बसवलेले आहेत; वर मात्र थर जवळजवळ आडवे. वरच्या दालनात देवदाराच्या तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आजही अडकलेल्या आहेत. हे लाकूड इजिप्तचे नव्हे, लेबनॉनकडचे. देवदाराने भरलेली 40 जहाजे आणल्याची नोंद पालेर्मो शिलेवर, म्हणजे जुन्या राजांच्या वर्षवार नोंदी कोरलेल्या दगडावर, आहे. त्याच शिलेवर इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाच्या स्वारीत 7,000 कैदी आणि 2 लाख गुरे आणल्याचेही कोरले आहे. राजाच्या पराक्रमाचे असे आकडे जपूनच घ्यावेत.

तिसरा, लाल पिरॅमिड, थोडा उत्तरेला. इथे धाडस नाही : 220 मीटरचा पाया, पहिल्या थरापासून 43 अंश, चिरे आडवे, उंची 105 मीटर. तो सरळ उभा राहिला. खुफूने मग गिझाचा कातळ निवडला आणि उतार पुन्हा जवळजवळ 52 अंशांवर नेला.