दिवाळखोरीची वकिली, चेकनाक्याच्या अलीकडची

मुलुंडचा माणूस कर्जात बुडाला आणि ठाण्याचा बुडाला, तर दोघांना कायदा वेगळा. मुंबईकराला १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा लागतो आणि अर्ज हायकोर्टात जातो. मुंबईच्या हद्दीवरचा चेकनाका ओलांडला की १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी कायदा, अर्ज जिल्हा न्यायालयात. वाशी-ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणजे तेही इकडेच. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत हे दोन्ही कायदे रद्द करणारं कलम आहे, पण ते अद्याप अमलात आलेलं नाही. १९२० च्या कायद्यात अर्जासाठी किमान कर्जाची रक्कम ५०० रुपये आहे, आजही!

दिवाळखोरीचा वकील म्हणजे कर्जबुडव्यांचा साथीदार, असा सरसकट समज असतो. इतिहास पाहिला तर या वकिलीचं बरंचसं स्वरूप एकाच गोष्टीने ठरलं आहे: कायद्याचं संरक्षण कोणाला आधी मिळालं आणि कोणाला नंतर. मुंबईसारख्या इलाखा शहरांसाठी नादारीचा कायदा १८४८ मध्येच आला होता. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि बॅकबेच्या भराव कंपनीच्या शेअरांवर उड्या मारणारे प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे लोक आडवे झाले. त्यांच्यासाठी कोर्टाची व्यवस्था तयार होती. कुणब्याला मात्र १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांची कर्जखतं जाळावी लागली, तेव्हा कुठे १८७९ चा डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही, हे त्यात आलं. तेही सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांत.

वकिली शिकणाऱ्याला या विषयाची गोडी बहुधा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० पासून लागते. जप्ती घेऊन बेलीफ दारात आला तरी काय उचलता येत नाही, याची ती यादी आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं. आणि धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. १९०८ च्या कायद्यातली ही ओळ वाचली की कायदा कर्जदाराकडेही माणूस म्हणून बघतो हे कळतं. १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यापुढचं सांगितलं: निव्वळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, देण्याची ऐपत असून टाळाटाळ केल्याचं दिसलं पाहिजे.

प्रत्यक्ष पोट मात्र कलम ६० वर भरत नाही. ठाण्याच्या कोर्टात उमेदवारी करणाऱ्याच्या हाती आधी पडतं ते ‘वन थर्टी एट’, म्हणजे कलम १३८ खालचं चेक बाऊन्सचं मॅटर. हे कलम १९८९ पासून लागू आहे. मग १९९३ च्या कायद्याने डीआरटी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण आलं. मुंबईच्या डीआरटींपैकी एक वाशीत बसतं, त्यामुळे नवी मुंबईच्या वकिलांना बँकेचं काम घराजवळ मिळालं. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेण्याची मुभा दिली. आजारी कंपन्यांच्या पुनर्रचनेसाठी दिल्लीत बीआयएफआर हे सरकारी मंडळ होतं. तिथे नोंद झाली की वसुलीचे दावे थांबत आणि मालक वर्षानुवर्षं खुर्चीत. त्या काळी या कामातलं कसब म्हणजे वेळ काढणं, असं म्हटलं तर जुने वकील रागावतील, पण नाकारणार नाहीत.

१ डिसेंबर २०१६ ला कंपन्यांसाठी नवी संहिता लागू झाली आणि हे उलटलं. प्रक्रिया सुरू झाली की मालक बाजूला, कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ही प्रक्रिया चालवणाऱ्या नेमलेल्या व्यावसायिकाकडे, वरची मुदत पुढे ३३० दिवसांवर आली. पहिलंच मोठं प्रकरण पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजचं. कंपनीने महाराष्ट्राच्या १९५८ च्या, देणी स्थगित करणाऱ्या रिलीफ अंडरटेकिंग्ज कायद्याची ढाल पुढे केली. सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०१७ ला ती मोडून काढली. वकिलाला आता नवी वाटही मिळाली: दहा वर्षांची वकिली असेल तर परीक्षा देऊन स्वतः रिझोल्यूशन प्रोफेशनल होता येतं. २०१८ मध्ये घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखं कर्ज देणारं, मानलं गेलं, तेव्हा रखडलेल्या प्रकल्पांतले फ्लॅटधारकही अशिलांच्या यादीत आले.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या लघुउद्योजकाला खरा चटका बसतो तो पर्सनल गॅरंटीचा, म्हणजे कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहण्याचा. कॅश क्रेडिटच्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी त्याची सही असते, खाली बायकोची. कंपनीच्या जामीनदारांना १ डिसेंबर २०१९ पासून संहिता लागू झाली आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. कंपनीचा प्रश्न सुटला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे अशिलाला समजावणं या कामातलं सगळ्यात अवघड काम. क्रेडिट कार्डात बुडालेल्या पगारदारासाठीच्या तरतुदी मात्र संहितेत नुसत्या छापलेल्या आहेत. छोटी कर्जं माफ करणारं ‘फ्रेश स्टार्ट’चं कलम वाचून पाहा: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत. ते लागू झालेलं नाही, आणि झालं तरी त्या आकड्यांत ठाण्यातला कोणता पगारदार बसेल?

फीचंही असंच आहे. कंपनीच्या प्रकरणात प्रक्रियेचा खर्च कलम ५३ प्रमाणे सगळ्या देण्यांच्या आधी फिटतो. नादार माणूस वकिलाला देणार कुठून? म्हणून या क्षेत्रात टिकलेले बहुतेक जण बँकांच्या बाजूने उभे दिसतात. काही जण सकाळी कफ परेडच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, बँकेसाठी उभे राहतात आणि त्या फीच्या जोरावर संध्याकाळी नौपाड्याच्या ऑफिसात एखाद्या जामीनदाराचे कागद हप्त्याने फी घेऊन बघतात.