गाडीला स्टीलचा मागचा बंपर: आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या एखाद्या हात बसलेल्या फॅब्रिकेटरकडे महिंद्रा थार उभी करा. मापं घेऊन, पत्रा वाकवून, वेल्डिंग आणि पावडर कोटिंग करून तो झकास मागचा बंपर हातात देईल. टो हुकाला जागा, डी-शॅकलला (ओढायची दोरी अडकवायच्या कडीला) कान, हाय-लिफ्ट जॅक टेकवायला खाच, सगळं मनासारखं. कामात खोट काढायला जागा नसते. पण खरा प्रश्न बहुतेक जण पैसे मोजून झाल्यावर विचारतात: "याचं पासिंग कसं करायचं?"

उत्तर आधीच देतो, कारण त्यासाठी लेखाच्या शेवटापर्यंत थांबायला लावणं बरोबर नाही. बाहेर बनवून घेतलेल्या स्टीलच्या बंपरला आरटीओत पासिंग करून मिळत नाही. तसा अर्ज नाही आणि तशी फीही नाही. "आमची ओळख आहे, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवून देतो" असं कुणी सांगितलं तर त्याला एक पैसाही देऊ नका. जे बदल रीतसर नोंदवता येतात ते वेगळे आहेत. त्यांची प्रक्रिया खाली दिली आहे. शिवाय बंपर ज्या गरजेसाठी हवा असतो, ती भागवायचे कायदेशीर मार्गही आहेत.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ हे या सगळ्याचं मूळ. आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा कोणताही बदल मालकाने गाडीत करायचा नाही, असं ते सांगतं. आरसी काढून बघा. बॉडीचा प्रकार, रंग, आसनं, रिकाम्या गाडीचं वजन असे रकाने त्यावर आहेत. आता साधा हिशेब करू. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर स्टीलच्या पत्र्याचं वजन ७.८५ किलो. बंपरला ४ मिमीचा पत्रा वापरला आणि पुढची बाजू, वरखालचे वळसे, ब्रॅकेट धरून ०.६ चौरस मीटर लागला, तर जवळपास १९ किलो नुसत्या पत्र्याचे झाले. त्यावर स्टेपनीचा झुलता आर्म आणि शॅकलचे जाड कान आले की आकडा भराभर वाढतो. हे सगळं वजन मागच्या आसाच्याही मागे लटकतं, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. पसरणी किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणावर ते स्टिअरिंगला जाणवतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१७ रोजी सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. क्रॅश गार्ड आणि बुल बार (बंपरवर लावायचे लोखंडी गार्ड) बसवणं हे कलम ५२ चं उल्लंघन आहे, पादचाऱ्यांना आणि गाडीत बसलेल्यांना त्याने धोका आहे, म्हणून कारवाई करा, असा त्याचा आशय. त्यानंतर ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने कलम १८२ अ बदललं. परवानगी नसलेला भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. पुढचा बार, मागचा बंपर आणि छतावरची लाइटची पट्टी म्हणजे तीन बदल. याशिवाय कलम ५३ खाली नोंदणी अधिकारी नोटीस देऊन, दुरुस्ती होईपर्यंत गाडीची नोंदणी निलंबित करू शकतात.

एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो: "नियमात मागचा ओव्हरहँग (मागच्या आसामागे आलेला भाग) व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत चालतो, आपला बंपर त्यात आरामात बसतो." ६० टक्क्यांचा नियम खरा आहे, तो केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ मध्ये आहे. थारचा व्हीलबेस २,४५० मिमी, म्हणजे मर्यादा १,४७० मिमी, आणि बंपर त्यात बसेलही. पण हा नियम मापाचा आहे. त्यात बसलात म्हणून कलम ५२ मधून सुटका होत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे पाळावे लागतात.

मारुती जिम्नीवाल्यांनी तर जास्तच जपावं. या गाडीचे मागचे दिवे बंपरमध्येच आहेत. बंपर बदलला की टेल लॅम्प, इंडिकेटर, रिफ्लेक्टर सगळंच हलतं. वेल्डिंगवाल्याने दिवे चार बोटं आत किंवा वाकडे बसवले, तर रात्री महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही वेळेत दिसणार नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. तेही बंपरमध्येच असतात आणि स्टीलच्या पत्र्यामागे त्यांचं काम थांबतं. ज्या गाडीची नंबर प्लेट बंपरवर असते, तिची हाय सिक्युरिटी प्लेट काढताना लॉक तुटतो, म्हणजे प्लेटसाठी पुन्हा अर्ज करणं आलं.

नोंदवता येतात ते बदल, आणि त्यासाठी कोण पात्र

सीएनजी किंवा एलपीजी किट, त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं दुसरं इंजिन, गाडीचा रंग, दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी केलेले बदल, यांची नोंद आरसीवर होऊ शकते. अर्जदार गाडीचा नोंदणीकृत मालक असावा लागतो. बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) चढलेलं असेल तर त्यांची लेखी संमती आधी घ्या. ती नसेल तर खिडकीवरूनच परत पाठवतात, आणि त्या एका कागदापायी अर्धा दिवस फुकट जातो.

गाडी पुण्याची, एमएच १२ ची, आणि तुम्ही राहायला साताऱ्यात, असं असेल तर? काही बदलांत आधी मंजुरी लागत नाही. त्यांची माहिती १४ दिवसांच्या आत, तुम्ही जिथे राहता तिथल्या नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. ते कार्यालय मूळ कार्यालयाला कळवतं. सातारा एमएच ११, कराड एमएच ५०, सांगली एमएच १०. पाटणचा माणूस सवयीने साताऱ्याला येतो, पण आपला तालुका कोणत्या कार्यालयाकडे आहे ते बघूनच निघा.

अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरायचा. वाहनविषयक सेवांमध्ये महाराष्ट्र निवडा, नोंदणी क्रमांक आणि चासी नंबरचे शेवटचे पाच अंक टाका. ओटीपी नोंदणीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. जुना नंबर बंद झाला असेल तर आधी तो बदलून घ्या, सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात. फी ऑनलाइन भरून पावतीची छापील प्रत काढा आणि गाडी तपासणीला न्या. सोबत मूळ आरसी, चालू विमा, वैध पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फायनान्सचं संमतीपत्र आणि चासी नंबरची पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला ठसा) ठेवा. सीएनजी किटसाठी मान्यताप्राप्त किटचं प्रमाणपत्र आणि ते बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचा दाखला लागतो. गाडी धुऊन न्या, कारण चिखलाखाली चासी नंबर दिसत नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते.

मग बंपरचं काय करायचं

पहिला मार्ग कंपनीचा. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने स्वतः विकायला ठेवलेल्या अॅक्सेसरीजची यादी शोरूममध्ये मागा. मागचा संरक्षक भाग, स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा), टो हुक यांतलं जे काही त्यात असेल, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बसवून घ्या. भाग क्रमांक असलेलं जीएसटी बिल, जॉब कार्ड आणि वॉरंटी कायम राहत असल्याचं लेखी उत्तर, हे तीन कागद गाडीच्या फाइलमध्ये कायम असू द्या. "चालतंय की" असं काउंटरवर तोंडी सांगितलेलं पुढे कुठेही कामाला येत नाही. विमा कंपनीलाही ई-मेलने कळवा आणि त्यांची पोच सांभाळा. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडला की त्यावर उपाय करणं फार कठीण जातं.

अपघातात मूळ बंपर तुटला असेल तर तसाच मूळ भाग बसवण्यात काही अडचण नाही. ती दुरुस्ती झाली.

आरटीओकडून लेखी उत्तर हवं असेल तर माहिती अधिकार कायदा २००५ वापरा. १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत. पण प्रश्न नीट विचारा. "मी स्टीलचा बंपर बसवू का?" असं विचारलं तर तो सल्ला झाला, आणि सल्ला देणं जन माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. त्याऐवजी "उत्पादकाव्यतिरिक्त इतरांनी बनवलेल्या स्टीलच्या मागच्या बंपरला मंजुरी देणारं परिपत्रक किंवा आदेश आपल्या कार्यालयात उपलब्ध असल्यास त्याची प्रत द्यावी" असं लिहा. प्रत असेल तर मिळेल, नसेल तर तसं उत्तर येईल. दोन्ही तुमच्या उपयोगाचं आहे.

आता गरजेबद्दल. मला ऑफ-रोडिंग मनापासून आवडतं, म्हणून कळकळीने सांगतो. स्टीलचा बंपर दोन कारणांसाठी हवा असतो: चढावरून उतरताना मागचा भाग घासू नये, आणि गाडी रुतली तर ओढायला भक्कम जागा असावी. पहिल्यासाठी आपल्या गाडीचा डिपार्चर अँगल बघा, म्हणजे मागचा भाग न घासता गाडी जास्तीत जास्त किती तिरक्या चढावरून उतरू शकते तो कोन. थारचा ३६.८ अंश आहे आणि जिम्नीचा त्याहूनही जास्त. जाड, खाली उतरलेला बंपर हा कोन उलट कमी करतो. दुसऱ्यासाठी कंपनीने चासीला दिलेल्या टो पॉइंटला वजनमर्यादा कोरलेला शॅकल आणि कायनेटिक (ताणली जाऊन झटका झेलणारी) दोरी पुरते. घरगुती वेल्डिंगचा कान झटक्यासरशी उखडला तर तो थेट माणसांच्या दिशेने उडतो. आणि कास, कोयना, चांदोलीच्या संरक्षित हद्दीत रस्ता सोडून गाडी घालायचीच नाही, बंपर कुठलाही असो.

बंपर आधीच बसवला असेल तर

तो काढून मूळ बंपर लावा. काढण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा. दिवे, रिफ्लेक्टर, सेन्सर आणि नंबर प्लेटवरचा प्रकाश चालतोय का ते रात्री एकदा तपासा. ई-चलन आलं असेल तर भरून पावती सांभाळा. चलन चुकीचं वाटत असेल तर भरू नका, मुदतीत आक्षेप नोंदवा. खासगी गाडीला १५ वर्षं पूर्ण होत आली असतील तर हे काम नोंदणी नूतनीकरणाचा, म्हणजे नमुना २५ चा अर्ज भरण्याआधीच उरका, कारण नूतनीकरणाला निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतात. मूळ बंपर भंगारात गेला असेल तर शोरूमला नवा मागवताना पूर्ण चासी नंबर द्या. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या बंपरचे ब्रॅकेट सारखे असतीलच असं नाही, आणि नंबरावरून मागवला की तुमच्याच गाडीचा भाग येतो.