आंबा-क्रीम: क्रीम फुलतं कधी आणि फुटतं कधी

मे महिन्याच्या दुपारी, स्वयंपाकघरात 35 अंश तापमान असताना क्रीम फेटायला घेतलं की बहुतेकदा दोनपैकी एक गत होते. दहा मिनिटं हात चालवूनही भांड्यात दुधासारखं पातळच राहतं, नाहीतर एकाएकी रवाळ गोळे जमतात आणि तळाशी पाणी सुटतं. आंबा-क्रीमला ना गॅस लागतो ना ओव्हन. मात्र इतर पदार्थांत जे काम आच करते, ते इथे थंडाव्याला करावं लागतं.

क्रीम म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धांशाचे बारीक गोलक. प्रत्येक गोलकावर पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. फेटताना हवेचे बुडबुडे आत जातात आणि गोलक एकमेकांवर आपटतात. क्रीम थंड असेल, तर गोलकाच्या आत स्निग्धांशाचे घट्ट स्फटिक तयार झालेले असतात. त्यांची टोकं पापुद्र्याला भोक पाडतात, आतला थोडा पातळ स्निग्धांश बाहेर येतो आणि दोन गोलक अर्धवट जोडले जातात. असे हजारो गोलक एकमेकांचा हात धरून बुडबुड्याभोवती कडं करतात. फुललेलं क्रीम उभं राहतं ते या कड्याच्या जोरावर. यासाठी घट्ट आणि पातळ, दोन्ही स्निग्धांश लागतात. 5 अंशांना हे प्रमाण बरोबर जमतं. 10 अंशांच्या वर घट्ट भाग कमी होत जातो, 40 अंशांपर्यंत तर सगळंच वितळतं. मग कडं धरायला काहीच उरत नाही.

ताक घुसळणाऱ्या घरांना यातलं अर्धं शास्त्र ठाऊक असतं. थंडीत लोणी येईना की कोमट पाणी घालतात, उन्हाळ्यात लोणी पाघळायला लागलं की बर्फ. क्रीम फेटणं ही त्याच वाटेवरची गोष्ट आहे, फक्त लोण्याच्या अलीकडे थांबायचं असतं.

आता क्रीम कोणतं घ्यायचं? बहुतेक वेळा इथेच फसगत होते. दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटावर साधारण 25% फॅट लिहिलेलं असतं. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, कारण गोलकच कमी पडतात. फेटण्यासाठी निदान 30% आणि शक्यतो 35% फॅटचं डेअरी व्हिपिंग क्रीम हवं. ‘व्हिप टॉपिंग’ बहुधा वनस्पती तेलाचं असतं. ते उकाड्यात टिकतं, पण आधीच गोड असतं आणि जिभेवर मेणचट लागतं; आंब्याचा स्वाद त्यात दबतो. घरच्या सायीत स्निग्धांश भरपूर, पण उकळल्यामुळे दुधातली प्रथिनं त्यात गोळा झालेली असतात. ती एकसारखी फुलत नाही, लोण्याकडेच धावते. 25% वालंच क्रीम हाताशी असेल, तर फेटण्याच्या नादी लागू नये. त्यात तेवढाच श्रीखंडाचा ताजा, कमी आंबट चक्का चाळणीतून घासून मिसळावा. पोत वेगळा येतो, पण छान येतो.

चार वाट्यांसाठी 200 मिली क्रीम, 25 ग्रॅम पिठीसाखर, चाळलेला हापूसचा गर 200 ग्रॅम आणि एका आंब्याच्या फोडी. क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं, फ्रीजरमध्ये नव्हे, कारण गोठलं की बर्फाचे खडे पापुद्रे फाडतात. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती मात्र 15 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवावीत. पातेलं बर्फाच्या पाण्यात धरून मध्यम वेगानं फेटावं. आधी मोठे बुडबुडे येतात, मग पातीमागे रेघा उमटून राहतात. या टप्प्यावर साखर घालावी. आधी घातली तर फुलायला वेळ लागतो. पाती वर उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहून किंचित कललं की थांबावं. आकारमान जवळपास दुप्पट झालेलं असतं. यापुढे अर्ध्या मिनिटात चकाकी जाऊन क्रीम रवाळ दिसू लागतं. नुसतं रवाळ असेल, तर दोन चमचे थंड न फेटलेलं क्रीम हलक्या हातानं मिसळलं की सावरतं. पाणी सुटलं असेल, तर ते लोणीच झालं, पोळीला लावावं.

सगळा गर क्रीममध्ये ओतायचा मोह टाळावा. 200 मिली क्रीममध्ये सुमारे 70 ग्रॅम स्निग्धांश असतो. 200 ग्रॅम गर घातला, तर मिश्रणात स्निग्धांशाचं प्रमाण 17 टक्क्यांच्याही खाली येतं आणि क्रीम बसतं. 100 ग्रॅम घातला, तर ते 21 टक्क्यांच्या आसपास राहतं आणि पोत टिकतो. म्हणून निम्मा गर उलथन्यानं खालून वर घेत मिसळावा, उरलेला वाटीत थरांमध्ये ओतावा. गरही फ्रिजमधला गारच हवा. फोडी करताना साका तपासावा. आतला पांढुरका, स्पंजासारखा भाग आंबट असतो, तो कापून टाकावा. फोडींवर साखर भुरभुरवू नये. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी पाक साचतो.

हापूसऐवजी चिकू, स्ट्रॉबेरी, द्राक्षं चालतात. ताजं अननस, पपई आणि किवी मात्र नको. त्यांतली विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात आणि तासाभरात क्रीम कडवट लागतं. अननस वापरायचंच असेल, तर फोडी पाच मिनिटं उकळून गार कराव्यात. उष्णतेनं विकरं निकामी होतात. डब्यातलं अननस म्हणूनच चालतं.

वर जेलीचा थर हवा असेल, तर चायनाग्रास घ्यावं. ते समुद्री शेवाळापासून होतं, 40 अंशांच्या खाली घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास तापमान लागतं. जिलेटिन 35 अंशांच्या आतच पाघळतं; आपल्याकडच्या मे महिन्यात ते ताटलीतच वाहू लागेल.

वाट्या दोन तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. आंब्याचा गंध स्निग्धांशात चांगला मुरतो, पण फार गारठ्यात नाकापर्यंत पोचत नाही. म्हणून वाढण्याआधी पाच मिनिटं बाहेर काढाव्यात. त्याहून जास्त वेळ नको, कारण क्रीम बसू लागतं. आणि पारा 32 अंशांच्या वर असेल, तर तासभर बाहेर राहिलेली वाटी परत फ्रिजमध्ये ठेवू नये, टाकून द्यावी.